खंबाटकीच्या अलीकडे

नानांच्या तोंडून फुटलेला पहिला स्पष्ट शब्द म्हणजे एक शिवी होती. छापण्यासारखी नाही. फिजिओथेरपिस्टने त्यांचा उजवा गुडघा वाकवला आणि एकोणीस दिवस नुसतं "आ... आ..." करणारा माणूस खणखणीत आवाजात त्या पोराच्या सात पिढ्यांवर घसरला. आईने तोंडाला पदर लावला. मी माफी मागायला पुढे झाले, तर तो मुलगा चक्क टाळ्या वाजवत होता. "नाना, परत! परत एकदा होऊन जाऊ द्या!" मग त्याने शेजारच्या खोलीतून स्पीच थेरपिस्ट मॅडमना ओढत आणलं आणि मॅडमनी फाइलमध्ये तारीख टाकून नोंद केली. नेमका काय शब्द लिहिला, ते मी अजून विचारलेलं नाही.

नाना, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. सातारा डेपो, एकतीस वर्षं, आणि त्यातली बरीचशी सातारा–स्वारगेट याच मार्गावर. "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय" हे झोपेतही म्हणायचे, असं आई सांगते. तिकिटाचं यंत्र आलं तेव्हा त्यांची नोकरी संपत आली होती. त्यांच्या लेखी कंडक्टर म्हणजे तिकिटांचा ट्रे, पंच आणि तोंड. त्यातलं तोंडच गेलं.

२०२३ ची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पहाटे पाचला आई उठली, तर नाना पलंगावरून अर्धे खाली लोंबकळत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लाकडासारखा. शेजारचे काका म्हणाले, अंगावरून वारं गेलंय, आधी तेल चोळा. चोळलंही, अर्धा तास. अर्थात तो अर्धा तास वाचला असता तरी उपयोग नव्हता. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि वेळ मोजतात ती माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथपासून. नाना धडधाकट दिसले होते रात्री दहाला, टीव्ही बंद करताना. बीपीची गोळी त्यांनी दोन महिन्यांपूर्वी स्वतःच बंद केली होती. का, तर "आता बरं वाटतंय". डोकं आपटून घ्यावंसं वाटतं, पण ते असो.

पुण्याच्या हॉस्पिटलात बारा दिवस काढले. जीव वाचला, त्याबद्दल तिथल्यांचे उपकार आहेतच. पण तेराव्या दिवशी डिस्चार्जच्या कागदावर सही करता करता डॉक्टर म्हणाले, "आता इथे ठेवून काही होणार नाही. घरी न्या, व्यायाम करून घ्या." आणि गेले. नानांच्या नाकात जेवणाची नळी, लघवीला पिशवी, माकडहाडावर रुपयाएवढी जखम. घरी न्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आमच्या साताऱ्याच्या घराला दारातच तीन पायऱ्या आणि संडास मागच्या अंगणात. व्यायाम करून घ्यायचा तो कुणी, आईने? ती सदुसष्ट वर्षांची, तिचेच गुडघे गेलेले.

वॉर्डातल्या एका सिस्टरने जाता जाता सुचवलं की पुनर्वसन केंद्र बघा. मी घरी फोन करून सांगितलं, तर चुलत्यांनी विचारलं, "पुनर्वसन? आपलं कुठलं धरण?" आमच्या जिल्ह्यात पुनर्वसन म्हटलं की कोयनेचे धरणग्रस्तच आठवतात, त्यांचाही दोष नाही. दुसऱ्या एका नातेवाइकांना ते व्यसनमुक्ती केंद्र वाटलं आणि ते दुखावलेच, कारण नानांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही. तिसरे म्हणाले, म्हणजे वृद्धाश्रमच की, बापाला असं टाकायचं का? आणि चौथ्यांनी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगितला. नुसता सांगितला नाही, दोन कबुतरं ठरवूनही ठेवली होती. कबुतरं वाचली. भावाने एफडी मोडली, कारण दिवसाला साडेचार हजारांचा खर्च होता आणि हॉस्पिटलातून बाहेर पडल्यानंतरचं काहीच आमच्या विमा पॉलिसीत बसत नव्हतं.

केंद्रात पहिल्या दिवशी डॉक्टरांनी एक फॉर्म भरला. स्वतः जेवता येतं का, कपडे घालता येतात का, पलंगावरून खुर्चीवर जाता येतं का, जिना चढता येतो का, अशा दहा गोष्टी आणि शंभर मार्क. नानांना पाच मिळाले. आईने विचारलं, "शंभरातले पाच?" डॉक्टर म्हणाले, "पहिले तीन महिने फार मोलाचे असतात. बघू या." तेवढंच. चालायला लागतील, बोलायला लागतील, असलं काही एकही वचन त्यांनी दिलं नाही. तेव्हा राग आला होता. आता त्याचीच किंमत वाटते.

पहिल्या रात्री मी नानांच्या खोलीत आरामखुर्चीवर होते. हवेच्या गादीचा पंप घुर्र घुर्र करत होता. दोन वाजता दार उघडलं आणि मावशी आत आल्या. तिथे आयाबायांना सगळे मावशीच म्हणतात. या मावशी बार्शीकडच्या, चाळिशीच्या आत-बाहेरच्या. त्यांनी दिवा लावला नाही, मोबाइलचा उजेड भिंतीकडे करून ठेवला. मला वाटलं, आता नानांना उचलून कुशीवर टाकतील. त्या पलंगाजवळ वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "नाना, मी आलेय. आता डावीकडं वळायचंय बरं का. आधी मी तुमचा हा हात घेते. घेऊ?" नाना काय सांगणार! त्यांना कळलं की नाही तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. पण मावशी थांबल्या. मोजून चार-पाच श्वास थांबल्या, मग हात घेतला. मग गुडघा, मग खांदा आणि कंबर एका वेळी. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली टॉवेलची घडी. शेवटी पाठीखालून तळहात फिरवून चादरीची एक-एक चुणी काढली. "चुणी म्हंजी रातभर काटाच की ताई, आन् यांना सांगता येत न्हाई," एवढंच मला म्हणाल्या. भिंतीवरच्या तक्त्यात वेळ टाकली, सही केली आणि गेल्या. चार वाजता परत आल्या. परत तेच, "नाना, मी आलेय."

हॉस्पिटलातल्या बारा दिवसांत आम्ही नानांच्या अंगावरूनच एकमेकांशी बोलत होतो. पैशाचं, पाहुण्यांचं, त्यांचं आता कसं होणार याचंही. त्या रात्री पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली.

माकडहाडावरची जखम पाच आठवड्यांत भरली. दर दोन तासांनी कूस, रोज ड्रेसिंग, याखेरीज त्यात जादू काही नव्हती.

आता आमच्या घरच्यांचा पराक्रम सांगते. नाकातली नळी काढायच्या आधी गिळण्याची तपासणी चालली होती. अर्धांगाच्या झटक्यात घशाचे स्नायूही ढिले पडतात, हे तोवर माहीत नव्हतं. आणि गंमत म्हणजे अशा माणसाला सगळ्यात धोका पातळ पाण्याचा. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो, घशाला सावरायला वेळ मिळतो. पाणी मात्र सटकन् घरंगळतं आणि श्वासनलिकेत शिरतं. म्हणून मॅडम पाण्यातसुद्धा पावडर घालून ते मधासारखं दाट करत, नानांना ताठ बसवत, हनुवटी छातीकडे घ्यायला लावत आणि एक चमचा देऊन आवाज ऐकत. आवाज ओला, घोगरा आला की थांबायचं. हे सगळं फळ्यावर लिहिलेलं होतं. तरी रविवारी आत्या भेटायला आल्या, थर्मास घेऊन. "माझ्या भावाला तीन आठवडे चहा नाही, हा कुठला न्याय?" मी खाली औषधं आणायला गेले होते. आत्याने दोन घोट पाजले. नाना खोकून खोकून काळेनिळे झाले, रात्री ताप भरला आणि चार दिवस अँटिबायोटिकची सलाइन. नळी आणखी आठ दिवस राहिली.

मला वाटलं, मॅडम आता आम्हाला झापणार. त्यांनी आत्यांना पुढच्या रविवारी मुद्दाम बोलावून घेतलं, एप्रन दिला आणि चहात पावडर कालवून चमच्याने कसा द्यायचा ते त्यांच्याच हातून करून घेतलं. अर्धा चमचा, मग थांबा. गिळलं का बघा. पुन्हा गिळू द्या. मग अर्धा चमचा. आत्या घामाघूम झाल्या. नंतर त्याच इतर पाहुण्यांना दारात अडवून तपासणी करायला लागल्या, ही वेगळी कथा.

संक्रांत तिथेच झाली. तिळाची वडी खुसखुशीत आणि कोरडी, तिचे कण घशात अडकतात, म्हणून बाद. आईचा चेहरा पडला. तर स्वयंपाकघरातल्या बाईंनी गुळपोळी दुधात भिजवून, तूप घालून, मऊ कुस्करून वाटीत आणली. नानांनी डाव्या हाताने, स्वतः, सत्तावीस मिनिटांत ती वाटी संपवली. मिनिटं आईने मोजली होती. अर्धी दाढी बरबटलेली.

तिला ते मोजायला लावलं होतं, कारण दुसरं काही करायची तिला बंदी होती. ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या, ताईंनी पहिल्याच आठवड्यात आईला सांगितलं, "आई, हात पाठीमागे धरा." शर्ट घालताना आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला. एका हाताने बटण कसं लावायचं ते ताई दाखवत, आणि मग सगळ्यांनी गप्प बसायचं. पहिल्या दिवशी एका बटणाला चौदा मिनिटं लागली. भोकाजवळ बटण येई, निसटे. पुन्हा येई, निसटे. नानांच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि आम्ही तिघं खुर्च्यांवर. आई रडवेली होऊन म्हणाली, "अहो, माझा नवरा, आणि मीच नुसती बघत बसू?" ताई म्हणाल्या, "हो. हेच सगळ्यात अवघड काम आहे आणि ते तुमच्याकडे आहे."

मला वाटतं, त्या केंद्राने आम्हाला दिलं ते हेच, थांबणं. तोवर सेवा म्हणजे पुढे होऊन करणं, एवढंच आमच्या घराला माहीत होतं. उठताना लुळा हात धरून ओढणं हीसुद्धा आमची मायाच होती. त्या ओढण्याने खांदा निखळतो, हे फिजिओच्या मुलाने सांगेपर्यंत पाच जणांनी पाच वेळा ओढून झालं होतं. नंतर त्याने कमरेला पट्टा बांधून उठवायला शिकवलं, आणि खोलीच्या दारावर चिठ्ठी लावली : "हात ओढू नये. ओढायचाच असेल तर माझा ओढावा."

बोलण्याचं मात्र घोडं अडलेलं होतं. मॅडमनी सांगितलं, नानांच्या मेंदूचा डावा भाग दुखावलाय, भाषा बहुतेकांची तिकडेच असते. आपण काय बोलतो ते त्यांना बरंच कळतं, पण शब्द शोधून तोंडापर्यंत आणता येत नाही. सुरुवातीला तर "हो" म्हणायचं असताना मान नाहीची हलायची आणि स्वतःच चिडायचे. चित्रांचा तक्ता दिला, त्यावर पाणी, चहा, लघवी, दुखतंय वगैरे, तर तो भिरकावला. मग ती शिवी आली. मॅडम म्हणाल्या, ठरवून बोलायचा रस्ता एक आणि सवयीने आपोआप तोंडात येणाऱ्या गोष्टींचा दुसरा. शिव्या, आकडे, पाढे, देवाचं नाव ही सगळी दुसऱ्या रस्त्याने येतात. तो रस्ता उघडा दिसतोय. मग "बे एके बे" सुरू केलं. नाना "बे दुणे चार" पर्यंत आले आणि तोंड फिरवून बसले. एकाहत्तराव्या वर्षी पाढे!

मी सहज म्हणाले, आमचे नाना कंडक्टर होते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" मग माझ्याकडून पुणे–साताऱ्याचे सगळे थांबे ओळीने लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी नानांच्या समोर बसून, मांडीवर ताल धरत त्यांनी सुरू केलं, "स्वारगेट..."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले.

"स्वारगेट..."

"का... कात्रज." आणि मग गाडी सुटलीच. "खेडशिवापूर. नसरापूर फाटा. कापूरहोळ. किकवी. सारोळा. शिरवळ." जीभ जड होती, पण चढउतार अस्सल, दारात उभं राहून पुकारावं तसा. "खंडाळा." आणि थांबले. खंडाळ्यानंतर खंबाटकी घाट. तिथे जे अडकले ते अडकलेच. परत स्वारगेटपासून काढलं, परत खंडाळ्याला बंद. मी बोलायला तोंड उघडलं तर मॅडमनी बोट वर केलं.

लगेच हेही सांगून टाकते की थांबे म्हणता आले म्हणजे पाणी मागता आलं असं नव्हे. ओळीने येणाऱ्या शब्दांतून एखादा शब्द सुटा उचलून हव्या त्या वेळी वापरणं, ही पुढची लढाई होती आणि ती आजही चालू आहे. पण त्या दिवसापासून अख्ख्या केंद्राला एक खेळ मिळाला. सकाळी ब्रदर बीपी घ्यायला आला की विचारणार, "काय नाना, आज कुठवर?" झाडणारे मामा, जेवणाची गाडी ढकलणारा पोरगा, रात्रीच्या मावशी, सगळ्यांचा एकच प्रश्न. दीड महिना गाडी घाटाच्या अलीकडे उभी. मग एका दुपारी, कुणी विचारलेलं नसताना, पायाला आधाराचं स्प्लिंट चढवत असताना नाना म्हणाले, "वेळे." फिजिओला वाटलं, वेळ विचारतायत. त्याने सांगितली, "पावणेचार." नाना त्याच्यावर खेकसले, "वेळे! सुरूर!" घाट उतरला होता.

ऑक्युपेशनलच्या ताईंनी ऑफिसातून कागदाला भोकं पाडायचा पंच आणला. दाबायचा डाव्या हाताने, पण कागद धरायचा उजव्या. बोटं वळत नव्हती, तेव्हा नुसता हात वजन म्हणून कागदावर ठेवायचा. जानेवारीच्या शेवटी अंगठा आणि तर्जनीत कागद दोन-तीन सेकंद टिकायला लागला. खोलीभर टिकल्यांएवढे कागदाचे गोल. आणि पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, हे नानांनी एका दमात उचललं. एसटीची पहिली पायरी किती उंच असते, ते फिजिओला त्यांनी काठीने भिंतीवर रेघ ओढून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या पोराने तेवढ्याच उंचीचा ठोकळा आणला.

सगळंच गोडगोड होतं असं समजू नका. हातमोजे, डायपर, दाट करायची पावडर यांचं बिल वेगळं यायचं आणि दर आठवड्याला ते बघून भाऊ गप्प व्हायचा. रविवारी व्यायाम बंद, तो दिवस खायला उठायचा. पलीकडच्या खोलीतले एक गृहस्थ तीन महिने राहून होते तिथेच राहिले. त्यांच्या बायकोसमोर नानांच्या थांब्यांचं कौतुक करायला आमची जीभ उचलायची नाही.

दहा आठवड्यांनी निघालो तेव्हा शंभरातले साठ मार्क होते. चार पायांची काठी, पायात स्प्लिंट, नळी-पिशवी काही नाही. थांब्यांची गाडी भुईंजपर्यंत.

आभार कसे मानायचे ते आम्हाला कळेना. आमच्याकडे धन्यवाद हा शब्द सत्कारात वापरतात, घरात नाही. भावाने पाकीट पुढे केलं तर मावशींनी हात मागे घेतला, नियम आहे म्हणाल्या. "आणायचंच आसंल तर साताऱ्याचे कंदी पेढे आणा, समद्यांना पुरतील आसे." मग आईने पिशवीतून खण-नारळ काढला. मावशी दोन पावलं मागे सरकल्या. "आई, मला चालत न्हाई. मालक जाऊन सहा वर्सं झाली." आई म्हणाली, "रात्री दोन वाजता माझ्या नवऱ्याला कूस देताना चाललं ना?" आणि तिथेच, तपासणीच्या कागदांच्या टेबलाशेजारी, ओटी भरली. मावशींनी पदर पसरला तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. पेढे भाऊ दुसऱ्या दिवशी देऊन आला, चार किलो.

मे महिन्यात दाखवायला गेलो. नानांनी गाडी करू दिली नाही. साताऱ्याच्या स्टँडवर पहिली पायरी चढायला त्यांना तीन मिनिटं लागली. मागे रांग खोळंबली, कुणीतरी "आजोबांना हात द्या की" म्हणालं आणि आई त्या माणसाला म्हणाली, "थांबा." कंडक्टर पोरगा आला. ज्येष्ठ म्हणून नानांचं तिकीट अर्धं, बायका म्हणून आमचं दोघींचं अर्धं. तो यंत्रावर बोट ठेवून विचारणार, तोवर नानांनी डाव्या हाताची तीन बोटं दाखवली. "तीन... अर्धे." खंबाटकीच्या बोगद्यात अंधार झाला, तेव्हा शेजारून आवाज आला, "बोगदा." कुणाला उद्देशून नव्हता.

केंद्राच्या दारात मावशी भेटल्या. दिवसपाळीला होत्या, हातात बेडपॅन. "नाना! आज कुठवर?"

नाना काठीवर भार देऊन उभे राहिले. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. आम्ही कुणी काही बोललो नाही.

"पाच... पाचवड."

"मंग उडतारं, आनेवाडी, लिंब फाटा ऱ्हायलं की अजून," मावशी म्हणाल्या आणि बेडपॅन घेऊन पुढच्या खोलीत गेल्या.